महासाथ आणि बेघरांचं आरोग्य: कोल्हापुरात काय अभ्यासायचं राहून गेलं

प्रश्न असा आला आहे: "मी सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेते. प्रबंधासाठी कोविड महासाथीच्या काळातलं बेघरांचं आरोग्य आणि त्यावरच्या संशोधनातल्या उणिवा हा विषय घेतला आहे. परदेशातले शोधनिबंध ढीगभर मिळाले, आपल्याकडचं हाताला फार थोडं लागलं. कोल्हापूरसारख्या शहरात नेमकं काय अभ्यासायचं राहून गेलंय? आणि त्यातलं मला एकटीला, वर्षभरात, पदरचे पैसे घालून काय जमेल?"

मी सामुदायिक वैद्यकशास्त्राचा डॉक्टर आहे. कोल्हापुरात मध्यवर्ती स्टँड, रेल्वे स्टेशन, अंबाबाईच्या देवळाचा परिसर आणि पंचगंगेचा घाट या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांना बरीच वर्षं तपासत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या विषयाचं मूळ मोजणीत शोधा. आपल्याकडची आरोग्याची जवळपास प्रत्येक पाहणी घराच्या दारात सुरू होते. दारच नसेल तर माणूस जिवंत असताना छेदात, म्हणजे एकूण लोकांच्या मोजणीत, येत नाही आणि गेल्यावर अंशात, म्हणजे मृत्यूंच्या मोजणीत, येत नाही. बाकीच्या बहुतेक उणिवा या एका गोष्टीतून निघतात.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 2020 आणि 2021 मध्ये चार देशव्यापी सिरो-सर्वेक्षणं, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पाहण्या, केल्या. देशातले 70 जिल्हे निवडले होते, महाराष्ट्रातल्या सहांत आपल्या शेजारचा सांगली जिल्हा होता. चौथ्या फेरीत, जून-जुलै 2021 मध्ये, 67.6 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. मोठं आणि कष्टाचं काम होतं ते. पण नमुना कसा निवडला ते पाहा: आधी गाव किंवा वॉर्ड, मग त्यातली घरं, मग घरातली माणसं. मिरज जंक्शनच्या फलाटावर झोपणाऱ्या माणसाला त्या नमुन्यात शिरायला वाटच नव्हती. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत सर्वेक्षण झालं, त्यात झोपडपट्टीत 57 टक्के आणि झोपडपट्टीबाहेर 16 टक्के असा फरक दिसला. त्यामुळे दाटीवाटीचा प्रश्न प्रथमच इतक्या ठळकपणे आकड्यांत मांडता आला. त्या मांडणीत फुटपाथसाठी तिसरा आकडा नाही. क्षयरोगाची राष्ट्रीय पाहणी (2019 ते 2021, दर लाख लोकसंख्येमागे 312 रुग्ण) घ्या किंवा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या, सुरुवात घरापासूनच आहे.

रुग्णालयातही हेच. कोविड चाचणीच्या फॉर्मवर नाव, पत्ता, मोबाइल नंबर होता. राहायला घर आहे की नाही, हा रकाना नव्हता. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-10 मध्ये, बेघरपणाला झेड59.0 असा स्वतंत्र संकेतांक आहे. तो लिहिलेला केसपेपर माझ्या पाहण्यात आलेला नाही. पत्त्याच्या जागी 'फिरस्ता' लिहिलेलं असतं, किंवा ज्यानं 108 ला फोन केला त्या दुकानाचा पत्ता असतो.

तुम्ही म्हणता ते परदेशी निबंध मीही वाचले आहेत. त्यातले तीन नीट वाचा, बाकीचे चाळले तरी चालतील. पहिला बॉस्टनचा. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला तिथल्या एका मोठ्या निवाऱ्यातल्या 408 जणांची सरसकट तपासणी केली, 147 बाधित निघाले, म्हणजे 36 टक्के. त्या बाधितांत खोकला साडेसात टक्क्यांना होता आणि ताप एक टक्क्यालाही नव्हता. दारात तापमान बघून आत सोडायची पद्धत निवाऱ्यात किती तोकडी पडते, हे त्यातून कळतं. दुसरा इंग्लंडचा. तिथं मार्च 2020 मध्ये रस्त्यावरच्या आणि निवाऱ्यातल्या लोकांना हॉटेलांच्या स्वतंत्र खोल्यांत हलवलं. या आणि सोबतच्या उपायांनी पहिल्या लाटेत बेघरांमधले 266 मृत्यू टळले, असा गणिती प्रतिमानाचा अंदाज आला.

तिसरा पॅरिसचा, आणि तुमच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा. 2020 च्या उन्हाळ्यात 818 लोकांचं रक्त तपासलं, सरासरी 52 टक्क्यांत प्रतिपिंडं मिळाली. सरासरी सोडा, आतले आकडे बघा. अन्नवाटपाच्या ठिकाणी भेटलेल्यांत सुमारे 28 टक्के, आपत्कालीन निवाऱ्यांत सुमारे 50 टक्के आणि दाटीच्या कामगार-वसतिगृहांत सुमारे 89 टक्के. शहर एक, साथ एक. फरक मुख्यतः एका खोलीत किती माणसं कोंबली यातून पडला.

हे कोल्हापूरला आणून लावायचं तर थांबावं लागतं. थंड देशातले निवारे बंदिस्त असतात. आपल्याकडचा माणूस बहुतेक रात्री उघड्यावर काढतो, दुकानाच्या पायरीवर, देवळाच्या ओवरीत, फलाटावर. श्वासातून पसरणाऱ्या आजाराच्या दृष्टीनं ती जागा शाळेच्या खोलीपेक्षा कमी धोक्याची. मार्च 2020 च्या शेवटी राज्यभर शाळा, वसतिगृहं, मंगल कार्यालयं निवारा केंद्रं झाली आणि उघड्यावरची माणसं आत आली. आत दोन वेळचं जेवण होतं, पाणी होतं, संडास होता, पोलिसांची काठी नव्हती. आणि गर्दी होती. मग आत आणलेल्यांना लागण जास्त झाली, की बाहेर राहिलेल्यांना? जेवण मिळाल्यानं जे वाचलं ते लागणीनं गेलं का? पुढच्या साथीत पहिल्याच आठवड्यात प्रशासनाला हाच निर्णय घ्यावा लागणार आहे, आणि मध्यम आकाराच्या शहरांसाठी त्याचं उत्तर कुणी काढून ठेवलेलं नाही. माझ्या मते सगळ्यात तातडीची उणीव हीच.

निवाऱ्यांबद्दल एक हिशेब सोबत ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या आदेशांपासून शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक तरी कायमचा निवारा असावा असा दंडक आहे. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात माणशी 50 चौरस फूट, म्हणजे दहा बाय पाचची जागा, असं माप ठरलं. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर 5 लाख 49 हजारांचं होतं, म्हणजे किमान पाच निवारे. यादीतले निवारे आणि रात्री दहानंतर प्रत्यक्ष दार उघडं असलेले निवारे या दोन्हींची नोंद तुम्ही स्वतः फिरून करा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, खिडक्या आणि पंखे मोजा. हवा खेळती आहे का, एवढं जरी कळलं तरी पुढच्या साथीसाठी ती माहिती कामाची आहे.

आता विषाणूपलीकडे या. कोल्हापुरात 2020 मध्ये रस्त्यावरच्या माणसावर पहिला घाव आला तो देवळं बंद होण्याचा. महाद्वार रोडवर, भवानी मंडपाच्या आजूबाजूला बसणाऱ्याचं जेवण, चहा, चार पैसे, कुणी औषधासाठी हातावर ठेवलेली नोट, सगळं भाविकांच्या वर्दळीवर चालतं. राज्यातली देवळं मार्च 2020 मध्ये बंद झाली ती 16 नोव्हेंबरला, पाडव्याला, उघडली. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली ती 7 ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडली. दोन वेळा मिळून वर्षाहून जास्त काळ. हॉटेलं बंद म्हणजे मागून मिळणारं पाणीही बंद, आणि स्टँड ओस पडलं की तिथला संडासही गेला. 'हात धुवा, घरात थांबा, अंतर ठेवा' या तिन्ही सूचना पाळायला लागणाऱ्या वस्तू या माणसाकडे नव्हत्या. उपायांचा परिणाम आणि आजाराचा परिणाम वेगळा काढून मोजणं हे संशोधनातलं अवघड काम आहे, पण कोल्हापुरात त्यासाठी या ठरलेल्या तारखा आहेत. देऊळ उघडं असण्याचे आणि बंद असण्याचे महिने वेगळे करून रुग्णालयातल्या नोंदी लावल्या तर काहीतरी नक्की दिसेल. अशक्तपणा, निर्जलीकरण, चिघळलेल्या जखमा, नियंत्रण सुटलेला मधुमेह, अपस्मार, हे आजार बघा. भूक मोजायला महागडं काही लागत नाही. दंडाचा घेर मोजायची फीत पुरते.

शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांत सुरू झाली, टाळेबंदीत पाच रुपयांवर आली आणि एप्रिल 2021 पासून काही काळ मोफत होती. योजना चांगलीच. केंद्र कुठं होतं आणि माणूस कुठं झोपत होता, यातलं चालायचं अंतर मात्र नकाशावर मांडलेलं मी पाहिलेलं नाही. पायाला जखम असलेला माणूस दीड किलोमीटर जात नाही.

दारूबद्दलही स्पष्ट लिहा. दुकानं मार्चअखेर एका रात्रीत बंद झाली ती मे उजाडेपर्यंत. रोज पिणाऱ्याची दारू अशी अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत फिट येणं, भ्रम होणं, जीव जाणं हे सगळं होऊ शकतं. बेंगळुरूच्या रुग्णालयांत त्या काळात असे गंभीर रुग्ण वाढल्याची नोंद प्रसिद्ध झाली आहे. ते रुग्णालयात पोचलेले. पायरीवरच फिट येऊन गेलेला माणूस त्यात नाही.

आणि इथून मी मृत्यूंकडे येतो. माझा सगळा आग्रह इथं आहे.

भारतात 2020 आणि 2021 मध्ये नेहमीच्या प्रमाणापेक्षा सुमारे 47 लाख जादा मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मे 2022 मध्ये आला. कोविड मृत्यूंची सरकारी नोंद पाच लाखांच्या आसपासची. त्यावरून मोठा वाद झाला आणि केंद्र सरकारनं तो अंदाज नाकारला. त्या वादात दोन्ही बाजूंनी बेघरांची वेगळी बेरीज मांडली नाही, कारण ती करायला लागणारी कागदपत्रं आरोग्य खात्यात नसतातच. ती पोलिसांकडे असतात.

रस्त्यावर माणूस मेला की काय होतं? कुणीतरी कळवतं, पोलीस येतात, पंचनामा होतो, आकस्मिक मृत्यूची, म्हणजे ए.डी.ची नोंद होते. त्या काळात हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होत असे, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतं. मृतदेह शवागारात जातो, 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे 55' अशी चिठ्ठी लागते. नातेवाइकांची वाट पाहिली जाते. कुणी आलं नाही तर महापालिकेमार्फत अंत्यसंस्कार होतात, किंवा 1949 च्या महाराष्ट्र शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाऊ शकतो. सार्वजनिक जागी बेवारस सापडलेल्या मृतदेहाची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नं शहरात पोलीस ठाण्याच्या प्रमुखावर टाकली आहे. म्हणजे मृत्यू नोंदला जातो. ठाण्याची ए.डी. नोंदवही, शवागाराची वही, महापालिकेची मृत्युनोंद आणि स्मशानभूमीची वही, अशा चार ठिकाणी त्याचा माग राहतो. या चार वह्या एकमेकींशेजारी ठेवून कुणी वाचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

कोविडकाळात त्यात आणखी एक गुंता झाला. संसर्गाच्या भीतीनं आयसीएमआरने मे 2020 मध्ये सूचना काढल्या की शक्य तिथं चिरफाड न करता, बाहेरून तपासून आणि कागदपत्रांवरून शवविच्छेदन उरकावं. कर्मचाऱ्यांच्या जिवाच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. पण ज्याचा पूर्वेतिहास सांगणारं कुणीच नाही, त्याच्या बाबतीत देहच एकमेव साक्षीदार असतो, आणि त्या काळात तो साक्षीदारही अर्धवटच बोलला. पुढे कोविड मृत्यूसाठी 50 हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य सुरू झालं. त्यासाठी हजारो कुटुंबांनी कागद शोधले, कारण दुरुस्त करून घेतलं, समित्यांकडे अर्ज केले, आणि त्यामुळे कितीतरी मृत्यू मागाहून नोंदींत आले. ज्याच्या मागे अर्ज करणारं कुणी नव्हतं, त्याचं कारण तपासायला कुणी परत गेलं नाही. आपली मृत्युगणना वारसांच्या पाठपुराव्यावर इतकी उभी आहे, हे एखाद्या संशोधकानं आकड्यांनिशी मांडायला हवं.

तुम्हाला एकटीला, वर्षभरात, थोड्या पैशात जमण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम मला हेच दिसतं. 2017 ते 2022 या वर्षांतल्या शहरातल्या अनोळखी आणि बेवारस मृतदेहांची महिनावार मोजणी करा. वय, लिंग, सापडल्याचं ठिकाण, नोंदवलेलं कारण, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला होता का, अहवाल परत आला का, एवढेच रकाने ठेवा. तुलनेसाठी एकटं 2019 धरू नका, त्या वर्षी ऑगस्टमध्ये महापूर होता. 2017 ते 2019 ची महिनावार सरासरी घ्या आणि ऑगस्ट 2019 वेगळा दाखवा. नदीत सापडलेले देह वेगळ्या गटात ठेवा, कारण ते कुठून वाहत आले हे सांगता येत नाही. आणि सगळे बेवारस बेघर नसतात, सगळे बेघर बेवारस जात नाहीत, हे तुमच्या मर्यादांमध्ये ठळक लिहा. पोलीस अधीक्षक कार्यालय, सीपीआर या सरकारी रुग्णालयाचं शवागार आणि महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, तिन्हीकडे संस्थेच्या पत्रासह लेखी अर्ज लागेल. परवानगीलाच तीन-चार महिने जातील असं धरून चाला.

छेदाचं काय? 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार आणि महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांच्या आसपास बेघर मोजले गेले. ती मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत झाली. व्याख्या अशी की जो जनगणनेच्या अर्थानं घर म्हणता येईल अशा जागेत राहत नाही, तो बेघर. रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर राहणारे असा तिचा आवाका आहे. आपल्या जिल्ह्यात ही व्याख्या एका जागी अडते. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीला आलेली कुटुंबं साखर कारखान्यांच्या आसपास कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. मार्च 2020 मध्ये ती पट्ट्यातच अडकली, एप्रिलमध्ये शासनानं परवानगी दिल्यावर तपासणी होऊन परत गेली. त्यांना गावी घर आहे, इथं नाही. कोपीला दार नाही, नळ नाही, संडास नाही. यांना बेघर म्हणायचं की नाही हे तुम्हाला आधीच ठरवावं लागेल, नाहीतर तुमचा आकडा हंगामानुसार वर-खाली होत राहील. माझा सल्ला, या प्रबंधात शहरापुरतं राहा. ऊसतोड कुटुंबांचा महासाथीतला अनुभव हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि त्यांच्यावर अर्ध्या प्रकरणात लिहिणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

शहरात मोजायचं तर एका रात्रीची मोजणी अपुरी पडते. दोन रात्री मोजा, मध्ये आठवडा ठेवा. समजा पहिल्या रात्री 120 माणसं भेटली, दुसऱ्या रात्री 100 आणि त्यातली 40 पहिल्या रात्रीचीच होती. तर एकूण अंदाज 120 गुणिले 100 भागिले 40, म्हणजे 300. कुणालाही न भेटलेली माणसं या पद्धतीनं हिशेबात येतात. ती चालायला दोन रात्रींमध्ये फार माणसं आली-गेली नसावीत, म्हणून तारखा जपून निवडा. नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, लागून आलेल्या सुट्ट्या टाळा. त्या दिवसांत स्टँडवर आणि स्टेशनवर झोपलेल्यांत भाविकच जास्त असतात. सीपीआरच्या आवारात झोपलेले बहुतेक रुग्णांचे नातेवाईक असतात, पण सगळे नाहीत. 'रुग्णाला सोडलं की कुठं जाणार?' असं विचारलं की उलगडा होतो. ओळख पटवायला नाव विचारू नका. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, अंदाजे वय आणि एखादी खूण यांचा संकेत बनवा.

स्त्रिया रात्रीच्या मोजणीत कमी दिसतात आणि त्याचं कारण उघड आहे. एकटी बाई रात्री दिसेल अशा जागी झोपतच नाही. ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात रुग्णाची नातेवाईक म्हणून बसते, किंवा एखाद्या कुटुंबाच्या आडोशाला पडते. महासाथीत हे दोन्ही आडोसे गेले. व्हरांड्यात नातेवाइकांना बसू देणं थांबलं आणि कुटुंबं निवाऱ्यात किंवा गावी गेली. त्या महिन्यांत या बायका कुठं होत्या, पाळीच्या दिवसांत काय केलं, कुणी छळलं का, गरोदर असलेल्यांची तपासणी कुठं झाली, यावर मला वाचायला मिळालेलं फार थोडं आहे. यासाठी दिवसा, ओळखीच्या महिला कार्यकर्तीसोबत, सावकाश मुलाखती लागतात. आकड्यांच्या नादात हा भाग मागे टाकू नका.

लसीकरणाबद्दल एक चांगला धागा आहे. लस 16 जानेवारी 2021 ला सुरू झाली, आधी आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांना, मग वयाच्या आणि आजारांच्या क्रमानं, आणि ओळखपत्र बघून. 6 मे 2021 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती काढली. जिल्हा कृती दलानं अशी माणसं शोधायची, एक मुख्य सहायक नेमायचा आणि त्याच्या मोबाइलवरून नोंदणी करायची. त्यात रस्त्यावर भिक्षा मागणाऱ्यांचा आणि भटक्यांचा स्पष्ट उल्लेख होता. त्याच आठवड्याभरात, 13 मेला, कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं. स्टँडवरच्या माणसाला तीन-चार महिन्यांनी पुन्हा शोधून दुसरा डोस कसा दिला, किती जणांना दिला, हे जिल्ह्याच्या नोंदींतून काढता येण्यासारखं आहे. ओळखपत्राशिवाय लस दिलेल्यांची माहिती मागणारा अर्ज करून बघा. वयाच्या क्रमावरही प्रश्न विचारायला हवा. अमेरिकेत ओकलँडमध्ये झालेल्या अभ्यासात पन्नाशीतल्या बेघरांना पडणं, विसरणं, चालायला त्रास असे म्हातारपणाचे विकार घर असलेल्या त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या लोकांइतके आढळले. मी तपासलेल्यांतही हेच दिसतं. साठीची अट लावली की ही माणसं रांगेत मागे राहतात, आणि वयाचा दाखला तर नसतोच.

क्षयरोगावर थोडक्यात. देशातल्या क्षयरोग्यांची नोंद 2019 मध्ये 24 लाख होती, ती 2020 मध्ये 18 लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता, शोध कमी झाला होता. खोकणारा बेघर माणूस त्या वर्षी कोविडच्या संशयानं बाजूला सारला गेला आणि क्षयासाठी तपासला गेला नाही, असं मी पाहिलं आहे. पोषणासाठीचे महिन्याचे 500 रुपये (नोव्हेंबर 2024 पासून 1000) बँक खात्यात येतात, आणि ज्याच्याकडे खातं नाही त्याचा हिशेब तिथंच थांबतो. 2019 ते 2022 मधल्या अशा रुग्णांचे उपचार पूर्ण झाले का, हे जिल्हा क्षयरोग केंद्राच्या मदतीनं पाहता येईल.

मानसिक आजाराचं काम जास्त नाजूक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 100 नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन तपासणीसाठी नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. कोल्हापूरला जवळचं रत्नागिरी, तेही घाट उतरून. जिल्ह्याच्या हद्दी बंद असताना ही वाट किती जणांसाठी खुली राहिली? 2019 ते 2021 मधल्या कलम 100 खालच्या नोंदी मोजल्या तर उत्तर मिळेल. पण हा अभ्यास मानसोपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाशिवाय घेऊ नका.

जुलै 2021 मध्ये इथं दुसरी लाट ओसरायची होती आणि पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. घाट त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो, म्हणजे घाटावरचा माणूस इशारा मिळण्याआधीच विस्थापित झालेला असतो. पूरग्रस्तांची मदत घराच्या पंचनाम्यावर मिळते. साथ आणि पूर एकाच वेळी आल्यावर हा माणूस कुठं गेला, हा प्रश्न सांगली-कोल्हापूरनं विचारायचा आहे, पॅरिसनं नाही.

आता तुमच्या आराखड्याबद्दल. ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण यांची प्रश्नावली घेऊन बाहेर पडण्याचा विचार असेल तर तो सोडा. असे प्रबंध कपाटं भरून आहेत. 'हात केव्हा धुवावेत' हे फुटपाथवरच्या बाईला विचारून तिच्या अज्ञानाची टक्केवारी काढण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तिला माहीत आहे, तिच्याकडे पाणी नाही. त्याऐवजी पाण्याचा नळ किती पावलांवर आहे आणि रात्री चालू असतो का, हे लिहा.

संमतीची बाजू पक्की ठेवा. आयसीएमआरच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत असुरक्षित गटांसाठी वेगळं प्रकरण आहे. अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार असावा, आणि तो पोलीस किंवा निवाऱ्याचा व्यवस्थापक नसावा. महाराष्ट्रात 1959 चा भिक्षा प्रतिबंध कायदा अजून लागू आहे आणि त्यात किमान वर्षभर स्थानबद्ध करण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये तिथल्या पुरती त्यातली कलमं रद्द केली, इथं नाही. म्हणून ओळख आणि भिक्षा मागण्याबद्दलची माहिती एकाच कागदावर कधीही लिहू नका. तासभर वेळ घेतलात तर त्याचा मोबदला द्या. जेवण दिलं तरी चालेल, पण ते उत्तरांवर अवलंबून नसावं. आणि मुलाखतीत धाप लागलेला, जखम सडलेला माणूस भेटला तर प्रश्नावली बंद करून आधी त्याला सीपीआरला पोचवायचं, हे आराखड्यातच लिहून ठेवा. नैतिक समिती ते विचारेलच.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. तुमच्या दोन रात्रींच्या मोजणीतून बेघर झोपतात त्या जागांची यादी तयार होईल, त्यात माणसांची नावं नकोत, फक्त जागा आणि वेळा. ती महापालिकेच्या जनगणना कक्षाला आधीच द्या. प्रगणकाला गंगावेशीच्या कुठल्या बोळात रात्री अकरानंतर जायचं हे माहीत असलं, तर पुढच्या दहा वर्षांसाठी छेद थोडा तरी खरा होईल.

आराखड्याचा पहिला खर्डा झाला की त्यात मृत्यूनोंदींचे रकाने, दोन रात्रींच्या तारखा आणि संमतीपत्राचा मराठी मजकूर, एवढं घालून पाठवा. संमतीपत्र आधी स्टँडवरच्या दोघा-तिघांना वाचून दाखवा, आणि त्यांना जिथं अडलं तिथं खूण करून ठेवा.